सासूबाईंची ताटं आणि आमचं पेटंट

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यांची एक रांग होती. त्यातल्याच एका कारखान्याच्या डोक्यावर, लोखंडी जिना चढून गेलं की, आमचा गाळा लागायचा. खालच्या मशिनी सुरू झाल्या की टेबलावरचा चहा थरथरायचा आणि फोनवर समोरचा माणूस काय बोलतोय ते ऐकू यायचं नाही. म्हणून गिऱ्हाइकांना आम्ही सांगूनच ठेवलं होतं, की फोन करायचा तो एक ते दोनमध्ये, पॉलिशवाले जेवायला बसतात तेव्हा. नव्या गिऱ्हाइकाला ही आमची मिजास वाटायची. दोन हजार सालानंतरची दहा-अकरा वर्षं मी त्या गाळ्यात काढली, आणि इतकं सुखाचं काम मला त्याआधीही मिळालं नव्हतं आणि नंतरही नाही, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही दोघंच होतो. मी प्रोग्रॅम लिहायचे आणि माझा भागीदार सर्किटं बनवायचा. आधी आम्ही दोघंही अंधेरीला मीटर बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. तिथे आमचा विभाग एका सकाळी बंद झाला आणि पोटापाण्याचा प्रश्न आला, तेव्हा आम्ही मिळून हा उद्योग मांडला. तो मूळचा रत्नागिरीकडचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा. हात अतिशय स्थिर आणि तोंड जवळजवळ बंद. माझं नेमकं उलट. मी रागीट बाई आहे, पटकन पेटते आणि पटकन विझते, आणि मधल्या वेळात जे बोलायचं ते बोलून मोकळी होते. तो तेवढा वेळ डायरीत रेघोट्या मारत बसायचा. अशी आमची जोडी छान जमली होती.

आम्ही बनवायचो तो डबा तापमान लिहून ठेवणारा होता. मासळीच्या बर्फखान्यात तो टांगायचा, आणि दर मिनिटाला आतलं तापमान त्याच्या पोटातल्या चिपमध्ये लिहिलं जायचं. मासळी परदेशी पाठवणारे व्यापारी असा पुरावा मागायला लागले होते, की माल बंदरापर्यंत जाईस्तोवर मध्ये कुठे वितळला नाही. ती चिप म्हणजे फ्लॅश मेमरी. वीज गेली तरी लिहिलेलं विसरत नाही, हा तिचा मोठा गुण. खोड अशी, की एखादी ओळ खोडून तिथे दुसरी लिहिता येत नाही, अख्खी पाटीच पुसावी लागते. चिपमध्ये अशा पुष्कळ पाट्या असतात, आणि प्रत्येक पाटी साधारण लाखभर वेळा पुसली की मान टाकते. बनवणाऱ्याच्या कागदांत हे स्वच्छ लिहिलेलं असतं. मी ते वाचलं होतं, आणि लाख म्हणजे पुष्कळ झालं, असं म्हणून पान उलटलं होतं.

आमचा पहिला डबा उत्तनजवळच्या चौक गावात एका बर्फखान्यात लागला. अडीच महिन्यांनी तिथल्या मालकीणबाईंचा फोन आला, एक ते दोनमध्येच. मी पश्चिमेला जाऊन उत्तनची बस धरली, चौकला उतरले. त्या दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाय, तुजा डबा मेला. लाईट हाय, पन लिवत काय न्हाय." उघडून बघितलं तर खरंच मेला होता. 'इथपर्यंत लिहून झालं' अशी एक खूण मी चिपमध्ये ठेवत होते, आणि ती दर मिनिटाला, त्याच एका पाटीवर, पुसून पुन्हा लिहीत होते. दिवसाला चौदाशे चाळीस वेळा. अडीच महिन्यांत लाख होतात, हे शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. बाकीच्या सगळ्या पाट्या कोऱ्या करकरीत होत्या आणि ती एक झिजून गेली होती. मला माझाच इतका राग आला, की परतताना कंडक्टरने दोनदा विचारेपर्यंत तिकीट काढायचं सुचलं नाही.

त्यावर जो उपाय सापडला, तो मला घरी स्वयंपाकघरात सापडला. माझ्या सासूबाईंची एक शिस्त होती. घासलेली ताटं त्या कधी रचलेल्या ताटांच्या वर ठेवायच्या नाहीत. सगळी रास उचलायची, घासलेली ताटं खाली सरकवायची आणि जेवायला वरची घ्यायची. म्हणजे प्रत्येक ताटाची पाळी येते, कुणी एकटंच झिजत नाही. आणि एवढ्यावर त्या थांबायच्या नाहीत. माळ्यावर पाहुण्यांसाठी बारा ताटं कागदात गुंडाळून ठेवलेली असायची. दर चार-सहा महिन्यांनी, एखादा सण आला की, त्या मला स्टुलावर चढवून ती खाली काढायला लावायच्या आणि रोजची वर पाठवायच्या. लग्न होऊन आल्यापासून मी या प्रकाराला वैतागलेली होते. पाहुण्यांची ताटं रोज वापरायची, तर ती पाहुण्यांची कशी, असा माझा मुद्दा होता. त्यांचं म्हणणं, पाहुण्यांसमोर सारखीच दिसायला हवीत सगळी, एक काळं आणि एक चकचकीत असं नको.

चौकहून आले त्याच आठवड्यात त्यांनी मला पुन्हा माळ्यावर चढवलं, आणि स्टुलावर उभ्या उभ्याच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खूण एका जागी ठेवायचीच कशाला? प्रत्येक नोंदीवर क्रमांक घालायचा आणि पाट्या पाळीपाळीने वापरायच्या. सुरू होताना सर्वांत मोठा क्रमांक शोधला, की इथपर्यंत लिहून झालंय हे आपोआप कळतं. हे तसं पुष्कळ लोक करत होते. पण डब्याची काही माहिती अशी असते, की ती एकदा लिहिली की वर्षानुवर्षं बदलत नाही. ती ज्या पाटीवर बसते, ती पाटी न झिजता नवीच राहते, माळ्यावरच्या ताटांसारखी. त्या माहितीला अधूनमधून तिथून उठवून झिजलेल्या पाटीवर बसवायचं आणि ती ताजी पाटी रोजच्या कामाला घ्यायची. कधी उठवायचं? कोणती पाटी किती वेळा पुसली, याची मोजदाद आमच्या छोट्या डब्याला झेपली नसती. सासूबाई कुठे मोजतात? त्या सण आला की ताटं बदलतात. मी ठरवलं, पाट्यांची एक पूर्ण फेरी झाली की माळ्यावरचं एक ताट खाली. मोजणी नाही, तक्ता नाही. मी स्टुलावरून उतरले आणि सासूबाईंना मिठी मारली. त्यांनी मला ताप आहे का बघितलं.

त्यानंतर आमचे डबे मरायचे थांबले. चौकचा डबा तर वर्ष उलटलं तरी लिहीत होता. ऑर्डरी वाढल्या. डब्याची स्टीलची पेटी आम्ही खालच्या कारखान्याच्या शेठकडून बनवून घ्यायचो. ते गुजराती, पस्तीस वर्षं भाईंदरमध्ये ताटवाट्या बनवत होते. आमच्या पेट्यांची संख्या वाढत चाललेली त्यांनी बरोबर हेरली. एक दिवस जिना चढून वर आले, माझ्या टेबलावरच्या डब्याकडे जरा वेळ बघत बसले आणि म्हणाले की यात त्यांना पैसे घालायचे आहेत. मासळीच्या कंटेनरबरोबर परदेशापर्यंत प्रवास करणारा डबा काढायचा, मोठ्या संख्येने काढायचा, त्याला लागणारी परदेशातली प्रमाणपत्रं घ्यायची. आमच्या दोघांच्या मनात हेच होतं, फक्त खिशात नव्हतं.

ही विचारणा अगदी वेळेवर आली होती. माझ्या भागीदाराला बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं होतं. चांगला पगार, राहायला जागा. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता आणि राई गावाच्या बाजूला भाड्याच्या एका खोलीत दोघं राहत होते. दिवाळीच्या आत त्याला होय-नाही कळवायचं होतं. त्याने मला हे सगळं एका दमात सांगितलं आणि पुढे म्हणाला की शेठचं जमलं तर तो राहील. जमलं नाही तर जाईल, आणि मी वाईट वाटून घ्यायचं नाही. मी वाईट वाटून घेणार नाही असं म्हटलं. ते धादांत खोटं होतं. तो गेला असता तर गाळा बंदच करावा लागला असता, कारण मला सर्किटातलं शून्य कळत होतं, आणि त्याच्याशिवाय मला ते काम करायचंच नव्हतं.

शेठ पैसे घालणार म्हणजे आधी ठोकून बघणार. त्यांनी फोर्टातल्या एका वकीलबाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, मराठीच, बोलायला चटपटीत. शेठच्या ऑफिसात आम्ही चौघं खाखरे खात बसलो आणि त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, तुम्ही जे करताय त्याचं पेटंट दुसऱ्या कुणाकडे तर नाही? इथे कुणी विचारणार नाही कदाचित, पण डबा समुद्र ओलांडून जाणार, आणि तिकडे कुणाचं पेटंट आडवं आलं तर कंटेनर बंदरात अडकेल आणि शेठचे पैसेही त्याच्याबरोबर अडकतील. दुसरी, तुमची युक्ती तुमची स्वतःची असेल, तर तिचं पेटंट तुम्ही घेणार का? शेठला दुसऱ्या प्रश्नात जास्त रस होता. त्यांनी आयुष्यभर भोगलं होतं, एक नवीन घाटाचा डबा काढला की महिन्याभरात शेजारचा तसाच काढतो. या वेळी त्यांना कुंपण हवं होतं. कुंपण असेल तर आकडा मोठा, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

पहिल्या प्रश्नासाठी वकीलबाईंनी परदेशी पेटंटांचे क्रमांक दिले. ती मी केबिन रोडवरच्या सायबर कॅफेत बसून छापून घेतली. गठ्ठा एवढा झाला, की कॅफेवाल्याने मॅडम पीएचडी कर रही हो क्या, असं विचारलं. तीन दिवस आम्ही दोघं ते वाचत होतो. पेटंटाची भाषा वाचली आहे का कधी? एक वाक्य दीड पान चालतं आणि शेवटी कर्ता कोण होता हे आठवत नाही. पण वकीलबाईंनी सांगितलं होतं, की सगळं वाचू नका, शेवटी दावे असतात तेवढेच वाचा, कुंपण तिथे असतं. दावे वाचत गेलो तसा जीव भांड्यात पडत गेला. त्या मोठ्या कंपन्यांच्या प्रत्येक दाव्यात मोजणी होती. पाटी किती वेळा पुसली ते मोजायचं, तक्त्यात मांडायचं, तुलना करायची. आम्ही मोजतच नव्हतो. वकीलबाईंनी स्वतः वाचून खात्री केली आणि म्हणाल्या की या कुंपणांच्या तुम्ही बाहेर आहात.

आता आमचं पेटंट. त्यांनी बजावलं, की नुसत्या प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंट देत नाहीत, पण अख्ख्या डब्याची रीत म्हणून मांडलं तर प्रयत्न करता येईल, आणि परदेशातही अर्ज करता येईल. फक्त ही रीत नवी हवी, म्हणजे याआधी लोकांसमोर आलेली नको. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, की हे कुठे छापून आलंय का, एखाद्या मासिकात, परिषदेत? मी म्हटलं, आम्हाला कोण छापतंय. आणि अगदी मनापासून म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात प्रतिज्ञापत्र तयार होईल, त्यात ही गोष्ट असेल, दोघांनी सही करायची, मग शेठ चेक लिहितील, असं ठरलं.

त्या रात्री जेवताना मी घरी सगळं रंगवून सांगितलं. नवऱ्याने नेहमीप्रमाणे बातम्या बघत हं हं केलं. सासूबाईंनी मात्र पेटंट म्हणजे काय ते नीट समजून घेतलं. म्हणजे ते आधी कुणाला कळलेलं नसलं पाहिजे, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग आमटी वाढता वाढता थांबल्या.

"पण ते तर गणपतीच्या अंकात आलंय की," त्या म्हणाल्या. "माझ्या ताटांचं."

माझा घास तसाच राहिला. आमच्या सोसायटीचा गणपती बसतो आणि दर वर्षी त्याची एक स्मरणिका निघते. वर्गणीदारांची यादी, केबिन रोडवरच्या दुकानांच्या जाहिराती, मुलांच्या कविता, उकडीच्या मोदकांची कृती, आणि उरलेल्या पानांवर सोसायटीतले शिकलेले लोक काहीतरी माहितीपर लिहितात. दोन वर्षांपूर्वी सेक्रेटरी दारात उभे राहिले होते, दोन पानं कमी पडतायत म्हणून. तेव्हा आमच्या मजल्यावर सर्वांचा समज होता, की मी गाळ्यात रेडिओ दुरुस्त करते, आणि या समजाचा मला मनस्वी संताप होता. एकदाचं या लोकांना कळू दे, म्हणून मी एका बैठकीत लेख लिहून दिला होता. त्यात सगळं होतं. क्रमांक, पाट्यांची फेरी, माळ्यावरचं ताट, कधी खाली आणायचं, का आणायचं. चित्रसुद्धा काढलं होतं, बाणांसकट. कुणीही वाचून डबा बनवावा इतकं सोपं करून लिहिलं होतं. आणि मला ते आठवलंच नव्हतं, कारण सोसायटीचा गणपती अंक म्हणजे छापणं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. सासूबाईंनी कपाटातून चार प्रती काढून आणल्या. पाचवी चिपळूणला बहिणीकडे पाठवली होती. पहिल्या पानावर मंडळाचं नाव, वर्ष, मुद्रणालयाचं नाव, सगळं ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रत भागीदाराच्या पुढ्यात टाकली. त्याने लेख शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला की चांगला लिहिलाय. मी म्हटलं की आता वकीलबाईंना फोन करायला हवा. तो म्हणाला, नको. आणि त्या दिवशी तो पाच वर्षांत बोलला नव्हता इतकं बोलला. दीडशे अंक छापतात, त्यातले सव्वाशे रद्दीत गेले. कुठल्या परदेशी ऑफिसातला माणूस भाईंदरच्या सोसायटीची स्मरणिका वाचायला येणार आहे? मराठीत? मी म्हटलं, प्रश्न येण्याचा नाहीच, मी सही करून खोटं लिहून द्यायचं आणि शेठने त्यावर पैसे घालायचे, असा आहे. उद्या कुणी शोधलंच तर बुडणार शेठ. तो म्हणाला, "आणि आज सांगितलंस तर मी बुडतो. माझं पोर दोन महिन्यांवर आलंय, ताई. तुझा लेख, तुझी हौस, आणि भरायचं मी."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पॉलिशच्या मशिनींच्या वर माझा आवाज गेला, एवढं सांगते. शेवटी मी म्हटलं की मी सांगणार, तुला सही करायची तर कर, मी करणार नाही. तो जेवणाचा डबा बॅगेत टाकून दुपारीच निघून गेला. त्यानंतरचे दिवस आम्ही एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो, तेही त्याच्यापेक्षा मीच कमी. मला झोप लागत नव्हती. चूक माझी होती आणि किंमत त्याच्या घराने मोजायची, याचं वाईट वाटत होतं, आणि तरीही सही करायला हात धजला नसता. फोनवर सांगावं असं दोनदा मनात आलं, पण असल्या गोष्टी समोरासमोर सांगाव्यात म्हणून बैठकीपर्यंत थांबले. खरं तर घाबरले होते.

बैठकीच्या दिवशी मी स्मरणिका पर्समध्ये घालून गेले. वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. "सदर रीत यापूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेली नाही" हे वाक्य आलं, तेव्हा मी पर्सची चेन उघडायला लागले. इतक्यात त्यांनी कागद आधी त्याच्याकडे सरकवला. त्याने पेन उचललं, टोपण काढलं आणि परत लावलं. पेन कागदावर आडवं ठेवलं.

"यातलं एक वाक्य खरं नाही," तो म्हणाला. "हे आमच्याकडून छापून झालंय. गणपतीच्या अंकात."

आमच्याकडून म्हणाला. ताईकडून म्हणाला नाही.

मी स्मरणिका काढून टेबलावर ठेवली. वकीलबाईंनी ती उचलली, पान उघडून लेख वाचायला घेतला आणि वाचता वाचता त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, इतकं स्वच्छ लिहिलेलं तर पेटंटाच्या अर्जातही कुणी लिहीत नाही. मग गंभीर होऊन शेठना समजावलं, की लोकांत वाटलं गेलं म्हणजे नवेपण संपलं, याचं पेटंट आता होणार नाही. एक बरी बाजू आहे. यानंतर जगात कुणीही ही युक्ती आपली म्हणून पेटंट घेतलं आणि तुमचा डबा अडवायला आला, तर त्याच्या तोंडावर हा अंक ठेवता येईल. तारखेसकट. कुंपण गेलं, पण रस्ताही आता कुणाला बंद करता येणार नाही. शेठनी अंक हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्यात त्यांच्याच कारखान्याची अर्ध्या पानाची जाहिरात होती, ती त्यांनी जरा जास्त वेळ बघितली. मग म्हणाले की दोन दिवस द्या.

ते दोन दिवस आम्ही गाळ्यात बसून जुन्या बोर्डांची धूळ पुसली. तुला राग आलाय का, असं मी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. मी माफी मागितली, लेखाबद्दल आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल. त्यावरही तो ठीक आहे एवढंच म्हणाला. तो जाणार, हे मी मनाशी धरून टाकलं होतं. बंगळूरला हवा चांगली असते, बाळाला मानवेल, असंही मी एकदा बोलून बसले.

तिसऱ्या दिवशी एक वाजता, मशिनी थांबल्यावर, शेठ वर आले. खुर्ची ओढून बसले. पहिला आकडा विसरा, म्हणाले, त्याच्या निम्मा देईन. मग त्यांनी आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत जे सांगितलं, ते मला अजून पाठ आहे.

"बेन, मी विचार केला. पेटंट असता तर माझा पैसा पेटंटवर होता. तुमी दोघे भांडून गेले असते तरी पेटंट माझ्याकडे राहिला असता. आता पेटंट नाय. पेटी तर मीच बनवतो. मग पैसा कशावर लावू? तुमच्या दोघांवर. म्हणून लिहून द्या, पाच वरस दोघे इथेच. एक पण गेला, तर मला नाय जमणार."

म्हणजे सगळं त्याच्यावरच येऊन ठरलं. निम्म्या पैशात, राईच्या त्या खोलीत, पाच वर्षं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. शेठ थोडा वेळ घ्या, घरी विचारा, असं म्हणत उठायला लागले. तो म्हणाला की वेळ नको, कागद असेल तर आणा. शेठनी कागद खिशातून काढला, कारण शेठ रिकाम्या हाताने जिना चढणारे नव्हते. त्याने सही केली. अक्षर नेहमीसारखं सरळ. मग मी केली. शेठ दोघांच्या पाठीवर थाप मारून खाली गेले.

ते गेल्यावर मात्र माझा धीर सुटला. मी त्याला म्हटलं की अरे, घाई केलीस. बायकोला विचारलं नाहीस. बंगळूरला उत्तर द्यायला अजून चार दिवस आहेत, निदान आज घरी जाऊन नीट विचार कर, मी शेठशी बोलते, अजून काही बिघडलेलं नाही.

"बंगळूरला मी नाही म्हणून कळवलंय," तो म्हणाला. "तिला विचारूनच. झाले नऊ दिवस."

मी बोटांवर मोजलं. नऊ दिवसांपूर्वी मी स्मरणिका त्याच्या पुढ्यात टाकली होती, आणि तो जेवणाचा डबा बॅगेत टाकून दुपारीच निघून गेला होता.

"त्या दिवशी तर तू मला गप्प बस म्हणत होतास," मी म्हटलं.

"म्हणून बघितलं. पण तू सांगणारच होतीस," तो म्हणाला. "मग पेटंट तर गेलंच. त्यात मी पण गेलो असतो तर तुझ्याकडे राहिलं काय असतं, ताई?"

असं म्हणून तो चहा सांगायला खाली गेला, आणि मी तिथेच बसून मनसोक्त रडून घेतलं.